उदय, अस्त आणि व्यवस्था : ‘स्कॅम १९९२’मधील इतिहासकथन

१

आर्थिक गैरव्यवहाराचा इतिहास आणि त्या गैरव्यवहाराने ज्याचे नाव झाले त्या माणसाचे चरित्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहास एखादी व्यवस्था कशी चालत होती आणि कोठे मोडली हे सांगतो. चरित्र एक माणूस कोठून निघाला आणि कोठे पोहोचला हे सांगते. पहिल्याला अनेक कर्ते लागतात, दुसऱ्याला एक पुरतो. हा फरक ठाऊक असूनही आपण इतिहासाची भूक चरित्रावर भागवत असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सोनी लिव्हवरून प्रसारित झालेली ‘स्कॅम १९९२ : द हर्षद मेहता स्टोरी’ ही दहा भागांची मालिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. तिच्या नावातच हे द्वंद्व उघड होते. विसर्गचिन्हाच्या अलीकडे एका वर्षाचा घोटाळा आहे, पलीकडे एका माणसाची गोष्ट आहे. अलीकडचे आणि पलीकडचे एकच, असे ते चिन्ह सुचवते. हे समीकरण कितपत खरे आहे आणि ते मांडल्याने काय साधते व काय हरवते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ माध्यमसमीक्षेचा नाही. हेडन व्हाइटने ‘मेटाहिस्टरी’ (१९७३) या ग्रंथात इतिहासलेखनही कथानकाच्या साच्यांतून घडते, असे प्रतिपादन केले. घटना मुळात शोकात्म किंवा उपहासात्म नसतात. इतिहासकार त्यांना तसे कथानक देतो, आणि दिलेल्या कथानकाप्रमाणे त्यांचा अर्थ व नैतिक भार बदलतो. व्हाइटची मांडणी एकोणिसाव्या शतकातील युरोपीय इतिहासकारांपुरती होती. मात्र नजीकच्या भूतकाळातील एखाद्या घटनेचे वृत्तान्त, अहवाल, पुस्तक आणि दृश्यमालिका असे क्रमाने रूपांतर होत जाते, तेव्हा त्या मांडणीचा पडताळा अधिक स्पष्ट मिळतो.

२

प्रथम घटनांचा क्रम थोडक्यात पाहू. हर्षद शांतिलाल मेहता यांचा जन्म १९५४ चा, राजकोट जिल्ह्यातील पानेली मोटी येथला. बालपणाचा काही काळ मुंबईत व काही रायपूरला गेला. मुंबईत वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर किरकोळ नोकऱ्या, त्यांत न्यू इंडिया अॅश्युरन्समधील एक, मग दलालांच्या पेढ्यांवर उमेदवारी आणि ऐंशीच्या दशकात मुंबई शेअर बाजारात स्वतःचे स्थान, असा त्यांचा प्रवास झाला. त्यांच्या संस्थेचे नाव ‘ग्रोमोअर’ होते. १९९१ नंतरच्या उदारीकरणाच्या वातावरणात बाजार वेगाने चढला. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक जुलै १९९० मध्ये प्रथम हजारावर गेला होता. तो जानेवारी १९९२ मध्ये दोन हजारांवर आणि मार्चअखेर चार हजारांवर पोहोचला. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर दोनशे रुपयांच्या आसपास होता, तो नऊ हजारांच्या घरात गेला.

२३ एप्रिल १९९२ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त सुचेता दलाल यांची बातमी प्रसिद्ध झाली. स्टेट बँकेच्या रोख्यांच्या हिशेबात सुमारे पाचशे कोटींचा मेळ लागत नाही, असे तिचे सार होते. २८ एप्रिलला निर्देशांक एका दिवसात सुमारे पावणेतेरा टक्के घसरला. रिझर्व्ह बँकेने डेप्युटी गव्हर्नर आर. जानकीरामन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जूनमध्ये मेहतांना अटक झाली, आणि त्याच महिन्यात रोखेव्यवहारांतील गुन्ह्यांसाठी विशेष न्यायालयाची तरतूद करणारा वटहुकूम निघाला. रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीचा अहवाल डिसेंबर १९९३ मध्ये आला. दरम्यान जून १९९३ मध्ये मेहतांनी पत्रकार परिषदेत तत्कालीन पंतप्रधानांना एक कोटी रुपये दिल्याचा दावा केला. तो सिद्ध झाला नाही, परंतु सुटकेस या वस्तूला मात्र त्याने कायमचा राजकीय अर्थ दिला. १९९९ मध्ये मारुती उद्योगाच्या पैशांसंबंधीच्या खटल्यात मेहतांना शिक्षा झाली. डिसेंबर २००१ च्या अखेरीस, ठाण्याच्या तुरुंगात असताना, सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील बहुसंख्य खटले तेव्हा अनिर्णितच होते.

या सामग्रीची आजवर चार प्रकारची कथने झाली. वृत्तपत्रातील बातमीला ‘काल काय उघड झाले’ एवढाच काळ असतो. तिच्यात आरंभ नसतो आणि शेवटही नसतो. चौकशी समितीच्या अहवालात काळ असतो, परंतु माणसे नसतात. तेथे व्याकरणातला कर्ता बहुधा ‘बँक’ असतो आणि वाक्ये कर्मणी प्रयोगात असतात. ‘धनादेश जमा करण्यात आला’ असे वाक्य चुकते ते कोणाच्या हातून, हे सांगत नाही. पण ती चूक किती ठिकाणी, किती वेळा झाली हे मात्र ते चोख सांगते. तिसरे कथन म्हणजे देबाशिष बसू आणि सुचेता दलाल यांचे ‘द स्कॅम’ हे १९९३ चे पुस्तक. त्याचे उपशीर्षक कोण जिंकले, कोण हरले आणि कोण निसटले असे विचारते. ‘कोण’ या सर्वनामाची ही तिहेरी योजना अनेकवचनी आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चौथे कथन पडद्यावरचे. समीर हंचाटे यांचा ‘गफला’ (२००६) हा चित्रपट फारसा कोणाच्या स्मरणात राहिला नाही. हन्सल मेहता यांनी (जय मेहता यांच्या सहदिग्दर्शनात) दिग्दर्शित केलेली मालिका मात्र घरोघर पोहोचली. ती उपर्युक्त पुस्तकावरच आधारलेली आहे. म्हणजे ज्या संहितेचा प्रश्न ‘कोण कोण?’ असा होता तिचे रूपांतर ‘कोण?’ या एकवचनी प्रश्नात झाले.

३

हे रूपांतर का घडते हे समजण्यासाठी मूळ गैरव्यवहाराचे स्वरूप ध्यानी घ्यावे लागते. मराठी वृत्तपत्रांत त्या काळी ‘शेअर घोटाळा’ आणि ‘रोखे घोटाळा’ असे दोन्ही शब्दप्रयोग चालले. त्यांतला पहिला सोपा असल्याने रुळला, पण अचूक दुसराच आहे. गैरव्यवहार झाला तो सरकारी रोख्यांच्या बाजारात. शेअर बाजार हे त्या पैशाचे गंतव्य होते, उगम नव्हे. नाव चुकले की दृष्टीही चुकते. ‘शेअर’ म्हटले की सट्टेबाज डोळ्यांपुढे येतो, ‘रोखे’ म्हटले की बँक येते.

त्या काळी बँकांना आपल्या ठेवींचा मोठा हिस्सा, सुमारे साडेअडतीस टक्के, सरकारी रोख्यांत व तत्सम मालमत्तेत ठेवणे बंधनकारक होते. तात्पुरती निकड भागवण्यासाठी एक बँक दुसरीला रोखे विकत असे आणि काही दिवसांनी ठरलेल्या वाढीव किमतीला परत घेण्याचे वचन देत असे. याला ‘रेडी फॉरवर्ड’ म्हणत. नाव खरेदी-विक्रीचे, स्वरूप अल्पमुदतीच्या कर्जाचे. प्रत्यक्ष रोखे हलत नसत. रिझर्व्ह बँकेच्या हाताने लिहिल्या जाणाऱ्या वह्यांत नोंद व्हायला वेळ लागे. म्हणून विकणारी बँक घेणारीला एक पावती देई. हीच ती ‘बँक रिसीट’, बाजाराच्या भाषेत ‘बीआर’. मधे दलाल असे. एका बँकेच्या नावाने काढलेला धनादेश दलालाच्या खात्यात जमा करण्याची प्रथा पडली होती. ती नियमात बसणारी नव्हती, परंतु सोयीची होती. धनादेश आला की पैसा काही दिवस दलालाच्या हाती राही. तो शेअर बाजारात जाई, भाव चढत आणि पुढच्या पावतीने मागची भागवली जाई. पुढे काही बँकांनी मागे रोखेच नसताना पावत्या दिल्याचे उघड झाले. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँक ही त्यांतली ठळक नावे. ही गोष्ट एकट्या मेहतांची नव्हती. अनेक दलाल, राष्ट्रीयीकृत बँका आणि प्रतिष्ठित परदेशी बँका तीत गुंतल्या होत्या. जानकीरामन समितीने दाखवलेली रक्कम चार हजार कोटींच्या घरातली होती.

साहित्याच्या अभ्यासकाला ही पावती आपल्याच क्षेत्रातील वस्तू वाटावी अशी आहे. सोस्यूरच्या परिभाषेत बोलायचे तर ती एक चिन्हक आहे. तिचे चिन्हित असलेले रोखे अन्यत्र कोठेतरी आहेत, असे मानून ती फिरते. जोवर सगळे मानतात तोवर रोखे असले काय आणि नसले काय, व्यवहार चालतो. ज्या दिवशी कोणी चिन्हिताची विचारणा करतो त्या दिवशी सगळी साखळी तुटते. सुचेता दलालांची बातमी म्हणजे अशी विचारणा होती. मेहतांची ‘पुनःस्थापना-मूल्य’ नावाची प्रसिद्ध उपपत्तीही याच जातीची. जुन्या कंपनीची किंमत तिच्या नफ्यावरून न ठरवता, तशी कंपनी आज नव्याने उभारायची तर किती खर्च येईल यावरून ठरवावी, असा तिचा युक्तिवाद. तो तर्काला पटतो, पण त्याचा शेवट कोठे करायचा हे तो सांगत नाही. एसीसीच्या शेअरने जे उड्डाण केले ते या युक्तिवादाच्या बळावर आणि बँकांच्या पैशावर. म्हणजे एका कथनाला दुसऱ्या कथनाचे तारण होते.

मालिकेचे श्रेय असे की सुमित पुरोहित, सौरव डे, वैभव विशाल आणि करण व्यास या लेखकांनी ही गुंतागुंत टाळली नाही. रेडी फॉरवर्ड, बीआर, धनादेशाची वाट या बाबी तीत संवादांतून, वादांतून आणि प्रसंगी शिकवणीच्या सुरात येतात. भारतीय दृश्यमाध्यमात पैसा बहुधा पेटीत किंवा पोत्यात असतो. येथे तो नोंदवहीत आहे. कागदाच्या एका तुकड्यावर नाट्य उभे करता येते, हे या मालिकेने दाखवले.

४

पण पावती नायक होऊ शकत नाही. ‘उदय आणि अस्त’ हा आकृतिबंध माणूस मागतो.

या आकृतिबंधाची युरोपीय परंपरा मध्ययुगापर्यंत मागे जाते. बोकाचिओने थोरांच्या पतनकथांचा लॅटिन संग्रह केला, तेव्हा दैवाचे फिरते चक्र हा त्याचा कणा होता. भांडवलशाहीच्या काळात दैवाची जागा बाजाराने घेतली. ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’ने (१९४१) धनिकाच्या पतनाला आधुनिक रूप दिले. आपल्याकडील नाट्यशास्त्रीय परंपरेत नायकाचा अस्त संभवत नाही. मात्र नायकाचा एक प्रकार तिने मान्य केला आहे जो येथे चपखल बसतो. तो म्हणजे धीरोद्धत : दर्पाने भरलेला, माया आणि छद्म यांत कुशल, आत्मश्लाघी. असा नायक असू शकतो, एवढेच नव्हे तर त्याला शास्त्रात स्थान आहे. प्रतीक गांधी या गुजराती रंगभूमीवरील नटाने उभा केलेला हर्षद मेहता या व्याख्येत पुरेपूर बसतो. त्याचे बोलणे म्हणींचे, टाळ्यांच्या जागा हेरणारे आहे. जोखीम आणि प्रेम यांची तो लावतो ती यमकजोड आज मालिका न पाहिलेल्यांच्याही तोंडी आहे.

मराठी वाचकाला मात्र या नायकात आणखी एक ओळखीचा चेहरा दिसतो, तो कर्णाचा. मालिकेतला हर्षद उपनगरातल्या लहान घरातून आलेला आहे, इंग्रजीत अडखळणारा आहे. जुन्या पेढ्यांचे वारसदार, मंदीवाल्यांचे टोळके आणि परदेशी बँकांचे सुटाबुटातले अधिकारी त्याला आपल्यात बसू देत नाहीत. सतीश कौशिकने रंगवलेला मनू मुंद्रा हा मंदीवाला जुन्या बाजाराचा अधिपती आहे, तर सिटी बँकेचा अधिकारी नव्या बाजाराचा. या दोघांच्या मधे उभा राहून आपल्या गुणांवर जागा मागणारा बाहेरचा माणूस अशी रचना झाली की प्रेक्षकाची सहानुभूती कोठे जाणार हे ठरून जाते. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) आणि रणजित देसाईंच्या ‘राधेय’ने (१९७३) मराठी मन या सहानुभूतीत चांगलेच मुरवले आहे. जन्माने नाकारलेल्याचा अपराध अपराध वाटत नाही. त्याची चूक ही त्याच्यावरील अन्यायाचे व्याज वाटू लागते. याच मराठीत इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ही आहे. त्यात कर्णाचे मोठेपण आणि त्याचे अपुरेपण एकाच निर्विकार नजरेने पाहिले आहे. मालिकेला दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. तिने दुसऱ्या वाटेने जाण्याचा प्रयत्न अधूनमधून केला, पण मुक्काम मात्र पहिल्या वाटेवर केला.

तो प्रयत्न सुचेता दलाल या पात्रात दिसतो. श्रेया धन्वंतरीने साकारलेली ही वार्ताहर नायकाची प्रतिनायिका आहे. मालिकेचा आरंभ हर्षदच्या बालपणाने होत नाही. स्टेट बँकेतला एक बिथरलेला कर्मचारी वर्तमानपत्राच्या कचेरीत येतो, तेथे होतो. म्हणजे कथानकाने प्रथम विचारणा मांडली आणि मग मागे जाऊन उदय सांगितला. ही निवड अर्थपूर्ण आहे. कथनमीमांसेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते. मूळ पुस्तकाचे दोन्ही लेखक मालिकेत पात्रे झाले आहेत. लेखक संहितेबाहेर असताना त्याचे म्हणणे निवाड्यासारखे असते. तोच संहितेत आला की त्याचे म्हणणे एक बाजू ठरते. पुस्तकात जी दृष्टी सगळ्या व्यवहारावर होती ती मालिकेत एका माणसावर रोखलेली दृष्टी झाली. तपास हा पाठलाग झाला. पाठलागात प्रेक्षकाचे मन बहुधा पळणाऱ्याच्या बाजूने असते.

५

मुंबईच्या इतिहासात हे द्वंद्व पहिल्यांदा उद्भवलेले नाही. त्याचा एक पूर्वावतार सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्याशी तुलना केल्यावाचून ‘स्कॅम १९९२’चे मोल ठरवता येणार नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि पश्चिम भारताच्या कापसाला सोन्याचे मोल आले. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे, म्हणजे ऐन भरतीच्या काळातले. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांचे शेअर हातोहात चढ्या भावाने विकले जाऊ लागले. या खेळाचा सूत्रधार म्हणून ज्यांचे नाव झाले ते प्रेमचंद रायचंद. मूळ सुरतेचे, स्वतःच्या हिकमतीवर वर आलेले दलाल. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती. त्या बँकेच्या कर्जव्यवहारावर प्रेमचंदांचा मोठा प्रभाव होता. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले, कापसाचे भाव कोसळले, वायद्यांचा निकाल लावण्याचा १ जुलै उजाडला आणि शेअर म्हणजे रद्दी झाली. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली तिची चौकशी झाली, आणि १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक स्थापन करावी लागली. ही नवी बँक १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत विलीन झाली आणि इम्पीरियल बँकेची १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. १९९२ मध्ये जिच्या हिशेबात पाचशे कोटींचे भगदाड सापडले ती बँक १८६५ च्या बुडीत बँकेची अशी वंशज आहे. ठेवीदारांचा पैसा दलालाच्या हातून शेअरांत जावा, तेजीत कोणी विचारू नये आणि मंदीत समिती बसावी, हा क्रम दोन्ही वेळी तोच आहे.

या पूर्वावताराची कथने तपासली तर मोठी उद्बोधक गोष्ट हाती येते. मुंबईचे सार्वजनिक कार्यकर्ते आणि राष्ट्रसभेचे नेते दिनशा वाच्छा यांनी या एकाच विषयावर दोन इंग्रजी पुस्तके लिहिली. पहिले (१९१०) मुंबई शहराच्या इतिहासातील एका आर्थिक प्रकरणाविषयी आहे, दुसरे (१९१३) प्रेमचंद रायचंद यांच्या पूर्वायुष्याविषयी व कारकिर्दीविषयी. लेखक एक, घटना त्याच, आणि वाङ्मयप्रकार दोन. व्यवस्थेची हकिकत आणि माणसाची हकिकत एका पुस्तकात मावत नाही, याची जाण त्यांना असो वा नसो, त्यांच्या कृतीने ती सिद्ध झाली आहे. ‘स्कॅम १९९२’ने ही दोन पुस्तके एकत्र बांधू पाहिली, आणि अपेक्षेप्रमाणे दुसऱ्याने पहिल्याला गिळले.

शहराच्या स्मृतीत काय उरले, हेही पाहण्याजोगे आहे. प्रेमचंदांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून ग्रंथालय आणि त्यावरचा मनोरा उभा राहिला. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव दिले गेले. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आजही मुंबईची खूण आहे. बँक ऑफ बॉम्बेच्या ठेवीदारांची खूण कोठेही नाही. देणगीदार दिसतो आणि ठेवीदार दिसत नाही. स्मारकाचे हे राजकारण दगडात जसे असते तसे कथनातही असते. हर्षद मेहतांचा मनोरा दगडाचा नाही. तो दहा भागांचा आहे.

६

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. कलाकृतीने चौकशी समितीचे काम करावे, अशी अपेक्षाच मुळात अवाजवी नाही का? माणूस हा कलेचा विषय आहे, नियमावली नव्हे. ज्या मालिकेमुळे लाखो प्रेक्षकांना रोखेबाजार म्हणजे काय हे प्रथमच कळले तिच्यावर इतिहास गिळल्याचा ठपका ठेवणे कृतघ्नपणाचे नाही का?

आक्षेप वजनदार आहे, परंतु त्याचे उत्तर आहे. मालिका केवळ कल्पित नाही. ती खरी नावे, खऱ्या तारखा आणि खऱ्या संस्था वापरते आणि इतिहासाचा अधिकार सांगते. तो अधिकार घेतला की इतिहासाची जबाबदारीही येते. शिवाय व्यवस्था कलेचा विषय होऊ शकत नाही, हे गृहीतच मराठी वाङ्मयाने खोटे ठरवले आहे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांत सत्ता हाच विषय आहे. त्यांतली माणसे जिवंत आहेत, पण एकाही माणसाला सगळी कादंबरी दिलेली नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) १९८२ च्या गिरणीसंपाचे सगळे अर्थकारण एका खोलीतल्या कुटुंबावर कोसळते. आणि हे लक्षात घेतले पाहिजे की ‘अधांतर’ची मुंबई आणि ‘स्कॅम १९९२’ची मुंबई एकच आहे, दशकही तेच आहे. एका मुंबईत मजूर रस्त्यावर येत होता त्याच काळात दुसऱ्या मुंबईत दलाल वरळीच्या समुद्राकाठच्या प्रशस्त घराकडे निघाला होता. पहिल्या कथेत अस्त आहे, पण त्याच्या आधीचा उदय नाही. म्हणून तिला ‘उदय-अस्त’ या आकृतिबंधात जागा मिळत नाही. ज्याला पडण्यासाठी आधी चढावेच लागते अशा आकृतिबंधातून, कधीच न चढता पडलेली माणसे आपोआप गळतात. हा लेखकाचा दुष्टावा नाही. हा आकृतिबंधाचाच गुणधर्म आहे, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा करायला हवी.

कराडचे उदाहरण घ्यावे. बँक ऑफ कराडचा कारभार १९९२ मध्येच आटोपला. ती अवसायनात निघाली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने तिचा व्यवसाय ताब्यात घेतला. दलाल स्ट्रीटच्या कथेत ही बँक एका बनावट पावतीवरचे नाव म्हणून येते आणि जाते. परंतु सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी जिचा जन्म झाला त्या बँकेच्या दारात कोणाचे पैसे होते, हा प्रश्न मराठीत तरी विचारला जायला हवा. त्या ठेवीदाराला रेडी फॉरवर्ड ठाऊक नव्हते, दलाल ठाऊक नव्हता. त्याच्या पासबुकावरचा आकडाही एक चिन्हक होता, आणि त्याने त्याच्या चिन्हितावर विश्वास ठेवला होता. १९९२ च्या या बाजूला अद्याप कथन मिळालेले नाही. मराठी कादंबरीने पतपेढी, सोसायटी, साखर कारखाना यांचे जग जवळून पाहिले आहे. तिला हा विषय परका नाही.

७

परिणामांचाही विचार करायला हवा, कारण कथन नुसते मागचे सांगत नाही, पुढचेही घडवते. घोटाळ्यानंतर व्यवस्था बदलली, हे खरे. सेबीला १९९२ मध्येच वैधानिक अधिकार मिळाले. राष्ट्रीय शेअर बाजारात १९९४ पासून संगणकावर व्यवहार सुरू झाले. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअरचा कागदच हळूहळू नाहीसा होत गेला. मालिका आली ती २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात. त्याच सुमारास घरी बसलेला तरुण वर्ग मोठ्या संख्येने डिमॅट खाती उघडत होता. मालिकेमुळे तो बाजारात आला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु बाजारात येताना त्याच्या ओठांवर कोणाचे संवाद होते आणि फोनवर कोणत्या मालिकेची शीर्षकधून होती, हे सर्वांनी पाहिले आहे. ज्या कथेचा शेवट तुरुंगातल्या मृत्यूत आहे तिच्यातून प्रेक्षकाने उत्साह उचलला. शोकान्तिकेने भय आणि करुणा यांचे विरेचन करावे, अशी अॅरिस्टॉटलची अपेक्षा होती. येथे करुणा जागी झाली, पण भय मात्र जागे झाले नाही. आणि भय जागे झाले नाही याचे कारण, पतन हे एका माणसाच्या दर्पाचे फळ म्हणून दाखवले गेले. ‘मी तसा उद्धट होणार नाही, वेळीच थांबेन’ एवढा निर्धार केला की प्रेक्षक मोकळा झाला. ज्या पावतीमागे काहीच नव्हते ती त्याला स्वतःच्या हातातही असू शकेल असे वाटले नाही.

यानंतर याच निर्मात्यांनी ‘स्कॅम २००३’ (२०२३) ही अब्दुल करीम तेलगी यांच्यावरील मालिका आणली. विसर्गचिन्हाच्या पलीकडे पुन्हा एक नाव आले. तेलगी प्रकरणाचे धागे नाशिकच्या सरकारी छापखान्यापर्यंत आणि पोलीस खात्यापर्यंत गेलेले, म्हणजे तेही प्रकरण व्यवस्थेचेच. दुसऱ्यांदा तोच साचा वापरला जातो तेव्हा ती लेखकाची निवड उरत नाही, संकेत होऊ लागतो. वर्ष बदलावे, नाव बदलावे, आणि प्रत्येक वेळी व्यवस्था एका माणसाच्या अंत्ययात्रेत सामील होऊन निर्दोष परतावी, असा हा संकेत आहे.

‘स्कॅम १९९२’ ही या संकेताची पहिली, आणि म्हणून सर्वांत कमी आंधळी, कृती आहे. तिच्यात अजून पावती दिसते, बँकेतला भेदरलेला कर्मचारी दिसतो, विचारणा करणारी वार्ताहर दिसते. समीक्षेचे काम असे की मालिका पाहून झाल्यावर हे दुय्यम वाटलेले तपशील प्रेक्षकापुढे पुन्हा आणावेत आणि सांगावे की घोटाळा येथे होता. वाच्छांना दोन पुस्तके लिहावी लागली. आपल्याकडे त्यांतले दुसरे लिहून झाले आहे, चित्रितही झाले आहे. पहिले अद्याप बाकी आहे.